पिल्लं हॅचरीची घ्यायची की ब्रीडरची? आधी गिऱ्हाईक ठरवा



गावरान कोंबडीपालन सुरू करताना शेडसाठी माणूस चार ठिकाणी चौकशी करतो. पत्र्याचा भाव, जाळीचा भाव, वेल्डिंगवाल्याची मजुरी, सगळं वहीत लिहून घेतो. पिल्लांची वेळ आली की मात्र ओळखीतून एक नंबर मिळतो, "आपलाच माणूस आहे" असं कुणीतरी सांगतं आणि ॲडव्हान्स जातो. शेड चुकलं तर पुढच्या वर्षी दुरुस्त करता येतं. पिल्लं चुकली तर पूर्ण बॅच जाते, आणि बॅचसोबत पहिलं भांडवलही.

"हॅचरीतून घेऊ की ब्रीडरकडून?" हा प्रश्न मला प्रत्येक ट्रेनिंगमध्ये येतो. व्हिडिओत दहा मिनिटांत बसेल तेवढं सांगितलं आहे. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण या विषयात माझं मत ठाम आहे आणि ते हिशेबासकट मांडायचं आहे.

मत असं: पहिली बॅच कोंबड्या किंवा अंडी विकण्यासाठी असेल तर पिल्लं चांगल्या हॅचरीची घ्या. जातीच्या नावाचे जादा पैसे दोनच अटींवर मोजा. एक, पिल्लांचे आई-बाप तुम्ही स्वतः जाऊन बघितले आहेत. दोन, त्या जातीला जादा पैसे देणारं गिऱ्हाईक तुमच्याकडे आज आहे. दोन्हीतली एक जरी अट पुरी होत नसेल, तर ते पैसे दाण्याला आणि लसीला ठेवा.

आणि एक आधीच सांगते. माझं पशुखाद्याचं दुकान आहे. मी पिल्लं विकत नाही आणि कुठल्याही हॅचरीचं किंवा ब्रीडरचं कमिशन घेत नाही. पिल्लं कुठलीही असोत, दाणा न्यायला लोक माझ्या काउंटरवर येतात. महिन्या-दीड महिन्यात कुणाची पोती वाढली आणि कुणाची अचानक बंद झाली, ते मला दिसतं. त्या अनुभवावरूनच हे बोलते आहे.

विकणारे तीन प्रकारचे असतात

लोक हॅचरी आणि ब्रीडर असे दोनच पर्याय धरतात. बाजारात तिसराही आहे, आणि सगळ्यात जास्त गोंधळ तोच करतो.

पहिली हॅचरी. हिच्याकडे उबवणीची मशीन असतात. स्वतःच्या किंवा करारावरच्या पेरेंट फार्मवरून अंडी येतात, २१ दिवसांनी पिल्लं निघतात आणि एका दिवसाची पिल्लं शंभराच्या बॉक्समध्ये भरून गाडीत चढतात. गिरिराज, वनराजा, ग्रामप्रिया, कावेरी, आर.आय.आर., सोनाली ही नावं तुम्ही ऐकली असतील. सरकारी हॅचरीही याच प्रकारात येतात. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत.

दुसरा ब्रीडर. हा एक किंवा दोन जाती जपतो. असील, कडकनाथ किंवा आपल्या भागातली जुनी गावरान. निवडक नर-माद्या ठेवतो, त्यांची अंडी लहान मशीनवर किंवा खुडूक कोंबडीखाली उबवतो आणि थोडी थोडी पिल्लं विकतो. हा माणूस खरा असेल तर त्याच्याकडे जे मिळतं ते हॅचरीकडे मिळत नाही. ('ब्रीडर फार्म' हा शब्द मोठ्या कंपन्या स्वतःच्या पेरेंट फार्मसाठीही वापरतात. इथे मी तो अर्थ घेत नाही.)

तिसरा व्यापारी. याच्याकडे मशीन नाही आणि पेरेंटही नाहीत. चार ठिकाणची पिल्लं गोळा करून विकतो. हॅचरीचं गिऱ्हाईक आलं की हा 'हॅचरीवाला', जातीचं आलं की हा 'ब्रीडर'. यातलेही काही जण प्रामाणिक असतात. पण पिल्लू कुठल्या अंड्यातून आलं, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं. मग तो तुम्हाला काय सांगणार?

म्हणून नंबर मिळाला की पहिलं काम म्हणजे समोरचा या तिघांतला कोण, ते ओळखणं. "तुमचे पेरेंट कुठे आहेत? बघायला कधी येऊ?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं. "बायोसिक्युरिटीमुळे आत सोडत नाही" हे उत्तर मोठ्या हॅचरीने दिलं तर ते बरोबरच आहे. अशी हॅचरी मग बिल, लसीची नोंद आणि पेरेंटच्या जातीची माहिती कागदावर देते. दोनशे कोंबड्या पाळणाऱ्या 'ब्रीडर'ने हेच कारण दिलं आणि कुंपणाच्या बाहेरूनही पक्षी दाखवले नाहीत, तर गाडी तिथूनच वळवा.

हॅचरीकडून नेमकं काय मिळतं

हॅचरीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे एका वयाची पिल्लं एकदम मिळतात. नवख्या माणसाला याचं महत्त्व लगेच कळत नाही, म्हणून उलगडून सांगते.

पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली साधारण ९५ अंश फॅरेनहाइट तापमान लागतं. पुढे दर आठवड्याला पाचेक अंश कमी करत आणायचं. दोनशे पिल्लं एकाच दिवशी आली तर हे सरळ जमतं. लहान ब्रीडरकडून मात्र या आठवड्यात ४०, पुढच्या आठवड्यात ३०, मग पंधरा दिवसांनी ५० अशी पिल्लं येतात. ऊब कुणाच्या हिशेबाने ठेवायची? लस कुणाची कधी? आणि मुख्य म्हणजे मोठ्या पिल्लांकडून रोग लहान पिल्लांकडे जातो. रक्ती हगवण लागली की शेड रिकामं करून, धुऊन, चुना मारून नव्याने सुरुवात करता आली पाहिजे. वेगवेगळ्या वयाचा माल आत असेल तर शेड कधीच रिकामं होत नाही.

दुसरा फायदा लसीचा. मरेक्सची लस पहिल्याच दिवशी, हॅचरीतच द्यायची असते. ती मोठ्या कुपीत येते आणि एकदा कालवली की थोड्या वेळात संपवावी लागते. हजारो पिल्लं काढणाऱ्या हॅचरीला हे परवडतं. आठवड्याला चाळीस पिल्लं काढणारा ब्रीडर एवढ्यासाठी कुपी फोडत नाही, आणि त्याचं तरी काय चुकलं? मात्र त्याची किंमत तीन-चार महिन्यांनी, लंगडणाऱ्या तलंगा बघताना, तुम्ही मोजता.

तिसरा फायदा कागदाचा. तारीख ठरते, बिल मिळतं. बऱ्याच हॅचरी शंभरामागे दोन-चार पिल्लं जादा टाकतात. बँकेचं कर्ज असेल, विमा काढायचा असेल किंवा बचत गटात हिशेब द्यायचा असेल, तर हे बिल लागतंच.

आता हॅचरीच्या पिल्लाची मर्यादा. सुधारित जातीच्या कोंबड्या बहुतेक वेळा खुडूक बसत नाहीत. अंडी देण्यात खंड पडू नये म्हणून त्यांच्यातला हा गुण निवडीतून कमी होत गेला आहे. म्हणजे परसात दहा कोंबड्या सोडून "त्याच अंडी उबवतील आणि कळप वाढत जाईल" हा हिशेब गिरिराज-वनराजावर बसत नाही. त्यांची अंडी मशीनला लावून पिल्लं काढली तरी ती आईसारखी निघत नाहीत. संकरातल्या पुढच्या पिढीत एक मोठं, एक लहान, एक लाल, एक काळं असा मिसळ माल निघतो. दर बॅचला पिल्लं विकतच घ्यावी लागतात, हे मनाशी पक्कं करून मगच हॅचरीकडे जा.

अजून एक. हॅचरीच्या यादीत 'गावरान' लिहिलं म्हणून ते तुमच्या आजीच्या खुराड्यातलं गावरान नसतं. सोनाली म्हणजे आर.आय.आर. नर आणि फायोमी मादी यांचा संकर. दिसायला गावरानसारखा, चवीला बरा, बाजारात चालतो. तो घ्यायला माझा अजिबात विरोध नाही. फक्त आपण काय घेतोय हे माहीत असावं. काही ठिकाणी अंड्याच्या जातीचे नर, ज्यांचा लेअर फार्मवाल्याला उपयोग नसतो, तेसुद्धा 'गावरान' म्हणून खपवले जातात. हॅचरीही फसवू शकते. पण तिथे फसवणूक पकडायला बिलावर जातीचं नाव लिहिलेलं असतं.

ब्रीडरचं पिल्लू महाग का असतं

खऱ्या ब्रीडरचा भाव ऐकून लोक दचकतात. मला तो भाव अवाजवी वाटत नाही, कारण त्याचा खर्चच तसा आहे.

इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने देशी जातींचे जे आकडे दिले आहेत ते बघा. कडकनाथ २० आठवड्यांत सरासरी ९२० ग्रॅम होतो, मादी १८० दिवसांची झाली की अंड्यावर येते आणि वर्षाला १०५ च्या आसपास अंडी देते. असील २० आठवड्यांत १,२२० ग्रॅम, अंड्यावर यायला १९६ दिवस, वर्षाला ९२ अंडी. म्हणजे ब्रीडर सहा-साडेसहा महिने मादीला नुसतं खाऊ घालतो, मग तिच्याकडून वर्षाला शंभरेक अंडी मिळतात. त्यातली काही खायला, काही फुटायला, काही वांझ. उरलेल्यांतून जी पिल्लं निघतात त्यांच्यावर त्याला वर्षाचा खर्च काढायचा असतो. हे पिल्लू हॅचरीच्या भावात कसं परवडणार?

म्हणून माझा सोपा नियम आहे. कुणी शुद्ध असील किंवा शुद्ध कडकनाथ हॅचरीच्या संकरित पिल्लाच्या भावात देत असेल, तर जातीत खोट आहे. आणि कुणी संकरित पिल्लू असीलच्या भावात देत असेल, तर माणसात खोट आहे.

शुद्ध जात मिळाली तर फायदे खरे आहेत. पुढची पिढी आई-बापांसारखी निघते. माद्या खुडूक बसतात, पिल्लं सांभाळतात. असील काटक आहे, मोकळ्यावर चरून पोट भरते. परसबागेत पंधरा-वीस कोंबड्या ठेवणाऱ्या, वीज आणि मशीन नसलेल्या घराला हा गुण पैशाच्या तोलाचा आहे.

पण लहान ब्रीडरकडे एक आजार असतो जो दिसत नाही, तो म्हणजे जवळच्या नात्यातलं प्रजनन. एक नर, पाच माद्या, त्यांचीच पिल्लं पुन्हा एकमेकांत. तीन-चार पिढ्यांत अंडी वांझ जायला लागतात, पिल्लं लहान आणि अशक्त निघतात. म्हणून विचारा, "नर कुठून आणला? किती वर्षांनी बदलता?" ज्याने खरंच जात जपली आहे, तो या प्रश्नावर अर्धा तास बोलतो. ज्याने जपलेली नाही, तो भाव कमी करतो.

वहीत हिशेब मांडू

आता आकडे. खालचे दर समजण्यापुरते धरलेत. तुमच्या तालुक्यातले दर टाकून हाच हिशेब पुन्हा करा.

हॅचरीची १०० सुधारित पिल्लं, नगाला ३० रुपये, म्हणजे ३,००० रुपये. गाडीभाडं ४००. एकूण ३,४००. विक्रीपर्यंत ९० पक्षी पोहोचले असं धरू. एका विकाऊ पक्ष्यामागे पिल्लाचा खर्च जवळपास ३८ रुपये.

ब्रीडरची १०० शुद्ध पिल्लं, नगाला ७० रुपये, म्हणजे ७,०००. दोन खेपांत आणली, पेट्रोल ८००. एकूण ७,८००. मिसळ वयामुळे मर थोडी जास्त, विक्रीपर्यंत ८० पोहोचले. एका पक्ष्यामागे ९७ रुपये ५० पैसे.

फरक झाला साधारण ६० रुपयांचा. बरेच जण इथेच थांबतात आणि म्हणतात, "साठ रुपये काय, निघून जातील." पण कोंबडीच्या एकूण खर्चात दाण्याचा वाटा ६० ते ७० टक्के असतो. तो हिशेब अजून बाकी आहे.

सुधारित पक्षी तीनेक महिन्यांत विकायला तयार होतो. शुद्ध जातीला पाच महिने लागतात. शुद्ध पक्ष्याने त्या जादा दिवसांत दोन किलो दाणा जास्त खाल्ला आणि दाणा ३६ रुपये किलो धरला, तरी ७२ रुपये झाले. पिल्लाचे ६० आणि दाण्याचे ७२ मिळून पक्ष्यामागे १३२ रुपये. त्यात शेड दोन महिने जास्त अडकलं, म्हणजे वर्षात बॅचही कमी निघाल्या, हे मी धरलेलंच नाही.

आता स्वतःला विचारा: माझ्या पक्ष्याला शेजारच्यापेक्षा १३२ रुपये जास्त कोण देणार? एखादा ढाबेवाला, शहरातलं ओळखीचं घर किंवा दर रविवारी ठरलेलं गिऱ्हाईक असेल, तर ब्रीडरकडे खुशाल जा. गावच्या चिकन सेंटरवाल्याला किलोवर विकणार असाल, तर तो काट्यावर वजन बघतो. असीलची वंशावळ त्याच्या काट्यावर चढत नाही.

पिल्लं विकण्यासाठी पिल्लं घेऊ नका

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

ब्रीडरकडून महाग पिल्लं घेणाऱ्या नवख्यांचा बेत बहुतेक वेळा असा असतो: "मी यांना मोठं करतो, अंडी उबवतो आणि पुढे पिल्लं विकतो. पिल्लाला ७० रुपये मिळतात, कोंबडी विकायची गरजच काय?" कागदावर हे फार छान दिसतं. पण तुमची पिल्लं घेणार कोण? तुमच्यासारखाच दुसरा नवखा. आणि त्याचा बेत काय? तोही पिल्लंच विकणार. या साखळीत कोंबडी खाणारा माणूस कुठेच नाही. नवे लोक येतात तोवर भाव टिकतो, यायचे थांबले की एका महिन्यात बसतो.

आपण हे पाहिलेलं आहे. कडकनाथ ही झाबुआची, भिल्ल आदिवासींनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली जात. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथच्या काळ्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. जात अस्सल आणि चवीला मागणीही खरी. तरी २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथच्या नावाने चाललेली एक योजना कोसळली आणि हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. "पिल्लं आमच्याकडून घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच ठरलेल्या चढ्या भावाने परत घेऊ" असा तो व्यवहार होता. परत घेणं थांबलं तेव्हा लोकांच्या शेडमध्ये पक्षी होते, दाण्याला पैसे नव्हते आणि त्या भावात घेणारं गिऱ्हाईक बाजारात नव्हतंच.

त्यात कोंबडीचा दोष नव्हता. जो पिल्लू विकतो तोच तुमचं एकमेव गिऱ्हाईक असेल, तर तुमच्या धंद्याची किल्ली त्याच्या खिशात असते, मग तो ब्रीडर असो, हॅचरी असो की कंपनी. म्हणून परत खरेदीची हमी ऐकली की मी आधी विचारते, "यांच्याशिवाय हा माल अजून कोण घेतं? दोन नावं सांगा." दोन नावं सांगता येत नसतील तर ती हमी धरू नका.

ब्रीडर होणं हा चांगला धंदा आहे, मी नाही म्हणत नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात पेरेंट फार्म, हॅचरी आणि मदर युनिट असा प्रकल्प करणाऱ्याला ५० टक्के, जास्तीत जास्त २५ लाखांपर्यंत भांडवली अनुदान आहे. पण तो दुसरा टप्पा. दोन-तीन बॅच वाढवून, विकून, मर सोसून जो उभा राहिला त्याने तिकडे जावं. अनुदान आहे म्हणून थेट ब्रीडर होणं म्हणजे पोहायला शिकायच्या आधी होडी विकत घेणं.

"सगळ्यांनी हॅचरीची घेतली तर देशी जाती संपतील"

हा आक्षेप येतो, आणि तो मनापासून असतो. मलाही त्याचं वाईट वाटतं. आपल्याकडे नंदुरबार भागात आणि सीमेपलीकडे गुजरातमध्ये बसरा नावाची नोंदणीकृत जात आहे. आपल्यातल्या किती जणांनी तिचं नाव ऐकलंय? नवापूर म्हटलं की लोकांना २००६ चा बर्ड फ्लू आठवतो, बसरा आठवत नाही.

पण देशी जात जपण्याचं ओझं कर्ज काढून पहिली बॅच टाकणाऱ्या माणसावर टाकू नये. आणि ज्याला जपायचीच आहे, त्याने दोनशे संशयास्पद पिल्लं घेऊन ती जपली जात नाही. त्यापेक्षा दहा-बारा पक्षी घ्या, आई-बाप बघून, चांगला भाव देऊन. मोठ्या शेडपासून लांब, वेगळ्या खुराड्यात ठेवा. पोट हॅचरीच्या बॅचवर भरा आणि जात त्या दहा पक्ष्यांत जपा. दोन वर्षांत तुम्हाला समजेल की तुमच्या हातात ब्रीडरचा गुण आहे की नाही. हो, आणि असीलच्या बाबतीत एक: झुंजीच्या नावाने भाव सांगणाऱ्यापासून लांब राहा. कोंबड्यांच्या झुंजी लावणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

मग कुणी काय घ्यावं

किलोवर कोंबडी विकणार असाल, तर हॅचरीची सुधारित पिल्लं, एका वयाची, एकाच ठिकाणची.

अंडी विकणार असाल, तरी हॅचरीच, पण अंड्याची जात. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यासाठी तयार केलेली आहे, वनराजा मांस आणि अंडी दोन्हींसाठी. दोन्ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या. तुमचा हिशेब अंड्याचा असेल तर मांसाची जात घेऊ नका.

बचत गटातल्या ताईंनो, घरामागे वीस-पंचवीस कोंबड्या ठेवायच्या असतील आणि ब्रूडरची सोय नसेल, तर एका दिवसाचं पिल्लू घेऊच नका. मदर युनिटमधून चार-सहा आठवड्यांचं, लसी झालेलं पिल्लू घ्या. नगाला पैसे जास्त जातील, पण सगळ्यात नाजूक महिना दुसऱ्याने सांभाळलेला असतो. सरकारी पिल्लांसाठी पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे आधी नाव नोंदवा. ऐनवेळी गेलात तर रांगेत थांबावं लागेल.

कोंबडीनेच अंडी उबवावीत आणि कळप घरच्या घरी वाढावा असं वाटत असेल, तर ब्रीडर किंवा गावातली खात्रीची गावरान. इथे हॅचरीचं पिल्लू उपयोगाचं नाही.

शुद्ध जातीचं ठरलेलं गिऱ्हाईक असेल, तर ब्रीडर, पण आई-बाप बघून. कडकनाथसाठी झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रासारखी सरकारी जागा आधी बघा.

ॲडव्हान्स देण्याआधी

हॅचरीला विचारा:

१. बिलावर जातीचं नाव लिहून देणार का?
२. मरेक्सची लस दिली आहे का, आणि बिलावर तशी नोंद असेल का?
३. नर-मादी मिसळ आहे की वेगळं केलेलं?
४. पेरेंटची साल्मोनेला आणि मायकोप्लाझ्माची तपासणी होते का? हे रोग अंड्यातून पिल्लात येतात. पांढरी हगवण लागून पहिल्या दोन आठवड्यांत मर सुरू झाली, तर दरवेळी ब्रूडरचाच दोष असतो असं नाही.
५. पिल्लं किती वाजता निघाली आणि माझ्याकडे किती वाजता पोहोचतील? पोटातल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस तगतं, पण उन्हाळ्यात दुपारच्या गाडीत नाही.

ब्रीडरला विचारा:

१. नर आणि माद्या दाखवा. किती आहेत?
२. नर कुठून आणला, कधी बदलला?
३. मागच्या महिन्यात अंडी किती लावली, पिल्लं किती निघाली?
४. मानमोडीची लस कळपाला कधी दिली?
५. मागच्या वर्षी ज्यांनी पिल्लं घेतली त्यांतल्या दोघांचे नंबर द्या. आणि त्या दोघांना खरंच फोन करा.

पिल्लं आल्यावर बॉक्स लगेच ओतू नका. बेंबी सुकलेली आहे का, पाय सरळ आहेत का, ओरडून पळतात का ते बघा आणि मोजून घ्या. पहिल्या आठवड्यात शंभरात दोन-तीन गेली तर घाबरू नका. त्यापेक्षा जास्त जात असतील तर त्याच दिवशी फोटो काढून विकणाऱ्याला कळवा आणि पशुवैद्यकांना दाखवा. दहा दिवसांनी केलेल्या तक्रारीला कुणी विचारत नाही.

आणि शेवटचं. वेगवेगळ्या चार ठिकाणची पिल्लं एका शेडमध्ये आणून "कुठली चांगली निघतात बघू" असला प्रयोग पहिल्या बॅचला करू नका. एक ठिकाण निवडा, लेखी घ्या, नोंद ठेवा. बॅच विकली की एका विकलेल्या पक्ष्यामागे पिल्लाचा खर्च किती पडला तो आकडा काढा आणि शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणी "आपलाच माणूस आहे" म्हणत नंबर देईल, तेव्हा त्याचा भाव त्या आकड्याशेजारी लिहून बघा.